आयपीटीजी न घालताच जीएफपी चमकतंय – जीन सर्किट खरंच बंद ठेवायचं कसं?

रानजाई

नमस्कार मंडळी, विज्ञान विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय. एमएस्सी बायोटेकचं दुसरं वर्ष चालू आहे आणि प्रोजेक्टला सिंथेटिक बायोलॉजी घेतलंय. पुढे जाऊन टॉगल स्विच करायचा विचार आहे, म्हणजे २००० साली गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स यांनी केला होता तसा, दोन रिप्रेसर (जीन बंद ठेवणारी प्रथिनं) एकमेकांना दाबतात आणि पेशी दोनपैकी एका अवस्थेत टिकून राहते. पण त्याआधी साधी पायरी म्हणून लॅक प्रमोटरपुढे (प्रमोटर म्हणजे जिथून जीन वाचायला सुरुवात होते तो डीएनएचा तुकडा) जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जीन लावलंय, प्लाझ्मिड (पेशीतला जादा गोल डीएनए) पीयूसी जातीचं, ई. कोलाय जिवाणूचा स्ट्रेन एमजी१६५५, वाढवतेय एलबी या नेहमीच्या मीडियात ३७ डिग्रीला.

आयपीटीजी, म्हणजे रिप्रेसरला हटवणारं रसायन, घातलं की झकास हिरवं होतं, त्यात काही तक्रार नाही. पण न घातलेली नळीसुद्धा सकाळी निळ्या दिव्याखाली धरली की स्पष्ट हिरवी दिसते!! गाईड म्हणाले लॅक लीकी (बंद असतानाही थोडा गळणारा) असतोच, मनावर घेऊ नकोस, पुढचं कर. पण मला हे पटत नाहीये, कारण अख्ख्या टॉगल स्विचचा पायाच हा आहे की एक बाजू बंद असते. इथेच गळती होत असेल तर पुढचा डोलारा उभा कशावर करायचा? जेकब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये लॅक ओपेरॉनचं (लॅक्टोज पचवणाऱ्या जीन्सचा गट) मॉडेल मांडलं, तेव्हापासून आपण शिकतोय की रिप्रेसर बसला की जीन बंद. मग माझा बंद का होत नाही? ज्यांनी हातानी हे काम केलंय त्यांनी प्लीज सांगा.

जास्वंद

प्रश्न अगदी योग्य विचारलायस आणि पुढे जाऊ नकोस, इथेच थांबून हे नीट समजून घे, पुढचे सहा महिने वाचतील.

रिप्रेसरचे नग मोज आधी. साध्या ई. कोलायच्या पेशीत लॅक आय या रिप्रेसरचे जेमतेम दहाएक टेट्रामर (चार तुकडे जोडून झालेले रेणू) असतात. दहाएक! पेशीला तेवढे पुरतात कारण तिच्याकडे लॅक ओपेरॉनची एकच प्रत असते, फार तर वाढत्या पेशीत दोन-चार. तुझं पीयूसी प्लाझ्मिड मात्र एका पेशीत काही शे प्रतींमध्ये बसलंय आणि प्रत्येक प्रतीवर एक ऑपरेटर, म्हणजे रिप्रेसर बसायची जागा. दहा जणांनी शेकडो ऑपरेटर अडवायचे, कसं जमणार? बहुतेक प्रमोटर मोकळेच राहतात. याला रिप्रेसर टायट्रेट होणं म्हणतात आणि तुझ्या गळतीचं पहिलं कारण माझ्या मते हेच आहे.

दुसरं असं की निसर्गातल्या लॅक ओपेरॉनला ऑपरेटर एक नाही, तीन आहेत. ओ१ प्रमोटरला लागून, ओ३ थोडा मागे, आणि ओ२ तर पार लॅक झेड या जीनच्या आत. टेट्रामर एकाच वेळी दोन ऑपरेटर धरतो आणि मधल्या डीएनएचा लूप करतो, त्यामुळे सुटला तरी लांब जात नाही, लगेच परत बसतो. १९९० मध्ये म्युलर-हिल यांच्या गटाने हे तिन्ही एकेक करून मोडून बघितले होते. तिन्ही शाबूत असताना दाब हजारपटींच्या वर, आणि फक्त ओ१ ठेवला तर वीसपटींच्या आसपास. आपण प्लाझ्मिडवर "लॅक प्रमोटर" म्हणून जो तुकडा वापरतो त्यात बहुतेक वेळा ओ१ असतो आणि ओ२ गेलेला असतो. म्हणजे पुस्तकातला घट्ट बंद ओपेरॉन तुझ्या नळीत मुळात नाहीचे.

उपाय: रिप्रेसर वाढव नाहीतर ऑपरेटर कमी कर. लॅक आय क्यू नावाचा जुना म्युटंट आहे, लॅक आयच्या स्वतःच्या प्रमोटरमध्ये एकच बेस बदललाय आणि रिप्रेसर साधारण दहापट बनतो. तो प्लाझ्मिडवरच घाल. किंवा पीएससी१०१ ओरिजिनचं प्लाझ्मिड घे, पाचेक प्रती राहतात. मी असते तर दोन्ही केलं असतं.

काचनळी

+१ जास्वंद. अजून एक गोष्ट तपासा, ती म्हणजे तुमचा मीडिया. एलबीमध्ये ट्रिप्टोन असतं, ते दुधातल्या केसीनपासून बनतं, आणि दूध आलं की लॅक्टोजचा अंश येऊ शकतो. हे कुणाला खरं वाटत नाही पण स्टडिअर यांनी २००५ मध्ये हेच दाखवलं, की काही मीडियात कल्चर दाट झालं की आपोआप इंडक्शन होतं (जीन चालू होतं) आणि कारण म्हणजे त्यातलं थोडंसं लॅक्टोज. मग त्यांनी उलट त्याचाच फायदा करून ऑटो-इंडक्शन मीडिया काढला, ०.०५ टक्के ग्लुकोज, ०.२ टक्के लॅक्टोज आणि ०.५ टक्के ग्लिसरॉल. पेशी आधी ग्लुकोज संपवतात, तोवर लॅक बंद, ग्लुकोज संपलं की लॅक्टोज आत घेतात आणि जीन चालू. कुणी रात्री उठून आयपीटीजी घालायला नको. आमच्याकडे प्रोटीन बनवायला हाच वापरतो.

तुम्ही "सकाळी" बघताय हे पण महत्त्वाचं आहे. ओव्हरनाइट कल्चरमध्ये ग्लुकोजबिकोज काही उरत नाही. दुपारी ओडी (कल्चर किती दाट झालंय त्याचं माप) ०.३-०.४ असताना मोजा, चित्र वेगळं दिसेल.

आणि मोजताय कसं? डोळ्यांनी हिरवं दिसणं चालणार नाही. प्लेट रीडरवर फ्लुओरेसन्स घ्या, ओडी ६०० नी भागा, आणि जीएफपी नसलेलं तेच प्लाझ्मिड घातलेला स्ट्रेन शेजारच्या वेलमध्ये ठेवा. एलबी स्वतः पिवळट-हिरवं चमकतं, पेशीपण थोड्या चमकतात. तो आकडा वजा केल्याशिवाय गळती किती हे कुणालाच सांगता येणार नाही.

निवृत्त_मास्तर

मी रसायनशास्त्र शिकवायचो, जीवशास्त्र बेताचंच. वाचतोय आवडीने. एक शंका. थोडी गळती झाली तर बिघडलं कुठे? चालू केल्यावर शंभरपट वाढतंय ना? मग बंद असताना एकपट असलं तर काय फरक पडतो?

जास्वंद

मास्तर, छान शंका आहे, आमच्या बऱ्याच मुलांना पडत नाही ती.

जीएफपी हे प्रथिन भलतंच टिकाऊ. ई. कोलायच्या पेशीत ते जवळजवळ तुटतच नाही, पेशी दुभंगली की दोघींत वाटलं जातं तेवढंच कमी होतं. आणि रात्री उशिरा पेशींची वाढ थांबली की वाटलं जाणंही थांबतं. टिपटिप गळणाऱ्या नळाखाली बादली ठेवून झोपलात तर सकाळी ती भरलेली असते, तसं. रानजाईच्या नळीत सकाळी दिसणारा हिरवेपणा म्हणजे त्या क्षणाची गळती नव्हे, रात्रभराची साठलेली आहे.

जीएफपी निरुपद्रवी आहे म्हणून पेशी जगते. त्या जागी पेशीला विषारी प्रथिन असेल तर एकपट गळतीसुद्धा पुरते. जिच्या प्लाझ्मिडमध्ये म्युटेशन होऊन जीन बिघडलंय ती पेशी भराभर वाढते, बाकीच्या मागे पडतात, आणि दोन दिवसांनी तुमच्याकडे फक्त बिघडलेल्यांचं कल्चर उरतं. बीएल२१ (डीई३) या प्रथिनं बनवायच्या स्ट्रेनमध्ये टी७ पॉलिमरेझ (जीनची एमआरएनए नावाची प्रत काढणारं एन्झाइम) लॅकयूव्ही५ प्रमोटरवर आहे, तो गळतो, म्हणून लोक पीलिसएस हे प्लाझ्मिड घालतात. त्यातून टी७ लायसोझाइम थोडं थोडं बनतं आणि गळलेल्या पॉलिमरेझला धरून ठेवतं. म्हणजे गळती थांबवता येत नाही तर गळलेलं टिपून घ्या, असा मार्ग.

फेजस्पेस

जरा वेगळं मत मांडतो, राग नसावा. मी फिजिक्सवाला आहे, मॉडेलिंग करतो. "गळती शून्य करा" हे ध्येयच मला चुकीचं वाटतं. सर्किटला महत्त्वाचा असतो तो पुढच्या पायरीचा उंबरठा. एका जीनची गळती पुढच्या प्रमोटरच्या उंबरठ्याच्या बरीच खाली असेल तर ती असली काय नसली काय, सर्किटला कळतच नाही. उंबरठ्याच्या वर असेल तर मात्र सगळं बोंबललं.

टॉगलचंच घ्या. अ हा ब ला दाबतो, ब हा अ ला. समजा अ ची बाजू "बंद" आहे पण गळून गळून अ एवढा साठतोय की ब अर्धवट दबतोय. ब कमी झाला की अ वरचा दाब कमी, अ अजून वाढतो, आणि दोन स्थिर अवस्थांच्या ऐवजी मधे कुठेतरी एकच अवस्था उरते. मग स्विच राहिलाच नाही. गार्डनरच्या पेपरमध्ये सहा प्लाझ्मिड होते, आरबीएसची (एमआरएनएवर रायबोसोम बसायची जागा) ताकद बदलून बनवलेले, त्यातल्या पाचांनी दोन्ही अवस्था धरून ठेवल्या आणि टेट आर हा रिप्रेसर असलेलं एक प्लाझ्मिड नापास झालं, इंड्युसर (चालू करणारं रसायन) काढला की जुन्या जागी परत. लोक तो पेपर "झालं" म्हणून वाचतात, मला त्यातलं ते नापास प्लाझ्मिड सगळ्यात जास्त शिकवून गेलं.

म्हणून रानजाई, प्रमोटरशी झटापट करण्याआधी आरबीएसकडे बघ. प्रमोटर किती एमआरएनए बनवायचा ते ठरवतो, आरबीएस त्या एका एमआरएनएवरून किती प्रथिन बनेल ते. आरबीएसमधला शाइन-डाल्गार्नोचा तुकडा रायबोसोमला किती घट्ट चिकटतो आणि आसपासचा आरएनए स्वतःवरच घडी घालून तो तुकडा लपवतो का, एवढ्यावर शेकडोपट फरक पडतो. सालिस, मिर्स्की आणि व्हॉइट यांनी २००९ मध्ये यासाठी कॅल्क्युलेटर काढला, सीक्वेन्स घाला, अंदाज मिळतो. कमकुवत आरबीएस घातला की चालू आणि बंद दोन्ही पातळ्या एकत्र खाली येतात, गळती उंबरठ्याखाली सरकते. पटतंय का?

जास्वंद

फेजस्पेस, राग कसला, मुद्दा बरोबर आहे. पण चालू पातळीही खाली येते हे तुम्हीच म्हणताय, आणि मग चालू असतानाही ती उंबरठा ओलांडते का हे बघायला लागेल. रानजाईकडे आज चालू आणि बंद यांतलं अंतरच तोकडं आहे, पीयूसीवर दहा रिप्रेसर घेऊन. आरबीएस बदलून ते अंतर वाढत नाही, फक्त वरखाली सरकतं. आधी अंतर वाढवा, मग सरकवा. क्रम माझ्या मते हाच.

फेजस्पेस

हे मान्य. क्रम बरोबर आहे.

आणखी एक, सरासरीवर जाऊ नका. प्लेट रीडर लाखो पेशींची बेरीज दाखवतो. १९९७ मध्ये सीगल आणि हू यांनी अरॅबिनोज या साखरेने चालू होणाऱ्या पीबॅड प्रमोटरवर दाखवलं की मधल्या प्रमाणात अरॅबिनोज दिलं की प्रत्येक पेशी अर्धी चालू होत नाही, काही पेशी पूर्ण चालू आणि काही पूर्ण बंद. कारण अरॅबिनोज आत आणणारा ट्रान्सपोर्टरच अरॅबिनोजने चालू होतो, ज्या पेशीत तो आधीच थोडा असेल ती पुढे निघून जाते. प्लेट रीडरवर मात्र सुंदर सरळ चढता वक्र दिसतो. फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी मोजणारं यंत्र) मिळत असेल तर एकदा तरी लावाच. "बंद" नळीत सगळ्या पेशी फिकट हिरव्या आहेत की थोड्या पेशी गडद आणि बाकी काळ्या, हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांचं औषध वेगळं.

नेकारकाठी

हायडलबर्गहून लिहितोय, मी सस्तन पेशींवर काम करतो. काचनळी यांचा लॅक्टोजचा किस्सा वाचून राहवलं नाही, कारण आमच्याकडे हुबेहूब तेच घडतं, फक्त लॅक्टोजच्या जागी टेट्रासायक्लिन!

टेट सिस्टिम इथल्याच बुजार्ड यांच्या प्रयोगशाळेतली, गोसेन आणि बुजार्ड १९९२. टेट आर हा रिप्रेसर मुळात जिवाणूंचा, टीएन१० या ट्रान्सपोझॉनवरचा, तो टेट्रासायक्लिन ओळखतो. त्याला जीन चालू करणारा तुकडा जोडून त्यांनी माणसाच्या पेशीत बसवला आणि औषधाने जीन बंद-चालू होऊ लागलं. पुढे १९९५ ला उलटा, म्हणजे डॉक्सिसायक्लिन दिलं की चालू होणारा टेट-ऑन आला. तर आम्ही पेशी वाढवतो त्या मीडियात गाईच्या गर्भाचं सीरम घालतो, आणि जनावरांना टेट्रासायक्लिन दिलेलं असलं तर त्याचा अंश सीरममध्ये उतरतो. एक थेंब डॉक्सी न देता जीन चालू! म्हणून बाजारात टेट-फ्री सीरम वेगळं मिळतं आणि महाग मिळतं. नवीन मुलगा आला की त्याला आम्ही पहिल्यांदा सीरमची बाटली कुठली आहे हे विचारतो.

रानजाई, तुमच्या जिवाणूंसाठीही बुजार्डांचंच काम उपयोगी पडेल. लुट्झ आणि बुजार्ड १९९७, लॅक, टेट आणि अरा यांचे ऑपरेटर घालून बनवलेले प्रमोटर, ५००० पटींपर्यंत फरक मिळवला होता. त्यातला पीएल-टेट-ओ-१ हा टेटवाला प्रमोटर शोधा. २००० सालचे टॉगल आणि रेप्रेसिलेटर (लुकलुकणारं सर्किट) हे दोन्ही गाजलेले पेपर त्याच पुरवठ्यावर उभे आहेत.

रानजाई

बापरे एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार, वहीत उतरवून घेतलंय सगळं.

काचनळी म्हणाले तसं केलं. एलबी सोडून एम९ या साध्या क्षारांच्या मीडियात ग्लुकोज घालून वाढवलं, ओडी ०.४ ला मोजलं, जीएफपी नसलेला कंट्रोल वजा केला. बंद नळीचा हिरवेपणा खूप उतरला, पूर्ण गेला नाही पण खूपच उतरला. म्हणजे लॅक्टोजच कारण होतं असं समजू का?

जास्वंद

नाही, अजून नाही समजायचं. इथे घाई नको.

ग्लुकोजने एकाच वेळी दोन-तीन गोष्टी केल्यात बघ. एक म्हणजे ग्लुकोज असताना सायक्लिक एएमपी हा पेशीतला संकेत कमी होतो, लॅक प्रमोटरला जोर देणारं सीएपी प्रथिन प्रमोटरवर बसत नाही, आणि लॅक प्रमोटर मुळातच अशक्त होतो, रिप्रेसर असो वा नसो. दुसरं, ग्लुकोज आत येत असताना लॅक्टोज आत आणणारा परमीएझ अडवला जातो, त्यामुळे मीडियात लॅक्टोज असलं तरी आत येत नाही. आणि तिसरं, तू एलबी सोडून एम९ ला आलीस म्हणजे लॅक्टोजचा स्रोतही गेला आणि वाढीचा वेगही बदलला. उतरलेला हिरवेपणा यातल्या कशामुळे उतरला हे या एका प्रयोगातून कळत नाही.

असं कर, एम९ मध्ये ग्लुकोजऐवजी ग्लिसरॉल. ग्लिसरॉलवर सीएपी चालू राहतो आणि लॅक्टोजचा प्रश्नच नाही. तिथे गळती परत वर आली तर रिप्रेसर कमी पडतोय, माझा संशय तोच आहे. तिथेही खालीच राहिली तर मीडियाकडे बोट दाखवता येईल. एलबीमध्ये ग्लुकोज घातलेली एक नळीही सोबत ठेव. चार नळ्यांचं काम आहे आणि थिसिसमध्ये एक अख्खा परिच्छेद होईल.

फेजस्पेस

जास्वंद ताई, हे फार सुंदर सांगितलंत.

टायट्रेशनवरून आठवलं ते सांगतोच, कारण इथे ते खलनायक झालंय पण त्याचा उपयोगही होतो. रेप्रेसिलेटर सगळ्यांना माहीत असेल, एलोविट्झ आणि लाइबलर, तेही २००० च्या जानेवारीतलंच. लॅक आय, टेट आर आणि लँबडा फाजचा सी१, तिघं गोलाकार एकमेकांना दाबतात आणि पेशी लुकलुकते, दीडशे मिनिटांच्या आसपास एक फेरी, पेशी दुभंगायच्या वेळेपेक्षा जास्त. पण लय धरणाऱ्या पेशी ४० टक्केच होत्या आणि त्यांचीही लय डळमळती. मग २०१६ मध्ये पॉलसन यांच्या गटाने तेच सर्किट परत उघडलं. रिप्रेसरना लवकर तोडण्यासाठी लावलेले टॅग काढून टाकले, कारण सगळी प्रथिनं पेशीच्या त्याच एका प्रोटिएझसाठी रांग लावत होती आणि त्या रांगेतून गोंधळ वाढत होता. आणि दुसरं, टेट आरला बांधणाऱ्या जागा असलेलं जादा प्लाझ्मिड मुद्दाम घातलं! थोडेफार टेट आर त्या जागा पिऊन टाकतात, उंबरठा वर सरकतो, आणि दोनचार रेणूंच्या चढउताराने सर्किट बिचकत नाही. लय इतकी पक्की झाली की पेशींमध्ये आपसांत कसलाही संवाद नसताना अख्खा फ्लास्क एका तालात राहिला. मला आजवर वाचलेल्या निकालांमध्ये हा सर्वात देखणा वाटतो.

काचनळी

देखणं आहे खरंच.

व्यवहाराचं एक सांगतो. टॉगल जोडताना एकच टर्मिनेटर (जीनचं वाचन थांबवणारा तुकडा) दोनदा वापरू नका. सारखे तुकडे असले की पेशी त्यांच्यात रिकॉम्बिनेशन करून मधलं सगळं उडवते. २०१० मध्ये स्लाइट आणि मंडळींनी एक सर्किट तपासलं होतं, दोन सारख्या टर्मिनेटरमुळे ते २० पिढ्यांच्या आत मेलं. २० पिढ्या म्हणजे ई. कोलायसाठी एखादा दिवस! दर वेळी ग्लिसरॉल स्टॉकमधून ताजी वसाहत घ्या, आठवडाभर तेच कल्चर पुढे पुढे ढकलू नका. आणि तुमच्या संस्थेच्या आयबीएससीची (जैवसुरक्षा समितीची) मंजुरी या नवीन प्लाझ्मिडसाठीही आहे ना ते गाईडना विचारून घ्या, १९८९ च्या नियमांखाली तो कागद लागतोच.

निवृत्त_मास्तर

एवढं वाचल्यावर आणखी एक विचारतो. हे सारं जिवाणूंच्या नळीत ठीक. पण पेपरात वाचलं की आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सीएआर-टी या कर्करोगावरच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, म्हणजे माणसाच्या पेशीत जीन घालून परत माणसात सोडतात. तिथे बंद करायची वेळ आली तर काय करतात?

नेकारकाठी

मास्तर, सीएआर-टीची पेशी एकदा शरीरात गेली की वाढते, त्यामुळे हा प्रश्न खरोखर जिवाचा आहे. उपचारापरत्वे वेगवेगळी योजना असते, अनेकदा स्टेरॉइडसारखी औषधं देऊन पेशींना आवरतात. पण सर्किटच्या अंगाने बघायचं तर आयकॅस्पेस-९ बघा. पेशीत कॅस्पेस-९ हे मरणाचं प्रथिन आधीच बनवून, निष्क्रिय ठेवून दिलेलं असतं. एक औषध दिलं की त्याचे दोन-दोन रेणू जोडले जातात आणि पेशी मरते. २०११ मध्ये स्टेम सेल ट्रान्सप्लांटनंतर ग्राफ्ट-व्हर्सेस-होस्टचा (दिलेल्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावरच हल्ला करायचा) त्रास सुरू झालेल्या चार रुग्णांना एकेक डोस दिला आणि ३० मिनिटांत ९० टक्क्यांहून जास्त बदललेल्या टी पेशी गेल्या.

यात जीनचं बटण दाबलेलं नाही, प्रथिनाचं दाबलंय, आणि ते मुद्दाम. प्रमोटर बंद केला तरी आधी बनलेला एमआरएनए आणि प्रथिन पेशीत राहतंच, ते ओसरायला कित्येक तास, दिवसही जातात. रुग्ण अत्यवस्थ असताना तेवढा वेळ नसतो.

जिवाणूंकडूनही प्रयत्न झालेत. फिनाइलकीटोन्युरियाच्या (शरीरात फिनाइलअलनिन नीट तुटत नाही असा आजार) रुग्णांसाठी ई. कोलाय निसल या निरुपद्रवी स्ट्रेनमध्ये फिनाइलअलनिन तोडणारं एन्झाइम घातलं आणि त्याचा प्रमोटर असा निवडला की ऑक्सिजन नसेल तेव्हाच चालू व्हावा, म्हणजे आतड्यात. कल्पना मला अजूनही आवडते. पण त्याच्या पुढच्या आवृत्तीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२४ मध्ये थांबवावी लागली, ठरवलेला परिणाम साधेल असं दिसेना. सर्किट चालणं आणि रुग्णाला गुण येणं यांत बरंच अंतर आहे.

रानजाई

मास्तरांच्या प्रश्नामुळे मलाही खूप कळलं. मी आता ग्लिसरॉलचा प्रयोग लावतेय, आणि गाईडना पीएससी१०१ वर पीएल-टेट-ओ-१ घ्यायचं सुचवणार आहे, टेट आर त्याच प्लाझ्मिडवर. शेवटचं विचारते, सेलोसारखं सॉफ्टवेअर वापरून थेट डिझाइन करू का? तिथे तर साठ सर्किटं करून पंचेचाळीस बरोबर आली असं वाचलं.

फेजस्पेस

२०१६ चं ते काम जबरदस्त आहे, व्हेरिलॉग या चिप डिझाइनच्या भाषेत लॉजिक लिहायचं आणि डीएनए सीक्वेन्स बाहेर. पण त्यातला प्रत्येक गेट (सर्किटचा एक घटक) ठरावीक स्ट्रेन, ठरावीक प्लाझ्मिड, ठरावीक तापमान आणि मीडिया यांत मोजलेला आहे. एमजी१६५५ मध्ये त्या गेटचे इनपुट-आउटपुट वक्र तसेच राहतील याची हमी नाही. दोनच गेटचं तुमचं सर्किट आहे, स्वतःचे वक्र स्वतः मोजा.

जास्वंद

हो, स्वतः मोज. इंड्युसरच्या आठ-दहा पातळ्या घे, शून्य धरून.

आणि टेटवर जाणार असशील तर इंड्युसर साधं टेट्रासायक्लिन नको, अनहायड्रोटेट्रासायक्लिन घे, ते टेट आरला जास्त घट्ट धरतं आणि पेशींना कमी मारतं, मिलीलीटरला १०० नॅनोग्रॅमपासून सुरुवात कर. उजेडात ते खराब होतं, स्टॉकची नळी फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेव आणि प्लेटही शेकरवर उघडी ठेवू नकोस, नाहीतर रात्रीतून इंड्युसर संपेल आणि तुला वाटेल सर्किट बंद झालं.

ग्लिसरॉलच्या नळ्यांचे आकडे आले की इथेच टाक, ओडीसकट.